रंग जरा भडकच हवा

बायकोला पार्लरमध्ये सोडून बाहेर थांबलेल्या नवऱ्याला तेवढ्या वेळापुरतं जगात कुठंच स्थान नसतं. आत जायची सोय नाही, लांब जायची हिंमत नाही, आणि समोरच्या टपरीवर पुन्हा चहा सांगितला की टपरीवाला पैसे घेताना जरा आपुलकीनंच बघतो. अशा माणसाच्या वाट्याला पार्लरच्या काचेतून दिसेल तेवढंच जग येतं. शिरूरच्या बाजारपेठेतल्या त्या काचेतून माझ्या वाट्याला एक बाई आली. एक म्हणजे चार. भिंतभर लावलेल्या चित्रात एकाच बाईचा चेहरा चारदा छापला होता. एकदा हिरवा, एकदा नारिंगी, एकदा जांभळा आणि एकदा साडीच्या दुकानात ज्याला ‘राणी कलर’ म्हणतात तसा. चारही ठिकाणी डाव्या डोळ्याच्या जागी टपोरी जास्वंद. केसांच्या जागी ती कापाकापा केलेली मोठी पानं, जी हल्ली प्रत्येक कॅफेच्या भिंतीवर आणि प्रत्येक उशीच्या अभ्र्यावर असतात. गळ्यात चाफा. मागं पिवळ्याधमक रंगावर लाल ठिपके. आणि या सगळ्यात बाई इतकी निवांत, की डोळ्यातून फूल उगवणं ही तिच्या घराण्यात नेहमीचीच गोष्ट असावी.

“ऑनलाइन मागवलंय, काका,” पार्लरवाल्या ताई दार उघडून म्हणाल्या. मी चित्राकडे बघतोय की आत डोकावतोय याची खात्री करून घ्यायला त्या बाहेर आल्या असाव्यात. “पॉप आर्ट आहे. ट्रॉपिकल.”

“छान आहे. पण त्या कोपऱ्यात कॅलेंडर का लावलंय?”

“तिथं बिबट्या होता. बायका दचकायच्या.”

मूळ चित्रकारानं जंगलाची शोभा म्हणून बिबट्या घातला असणार. त्याच्या देशात बिबट्या म्हणजे पर्सवरची नक्षी. शिरूर तालुक्यात तो उसात असतो, आणि संध्याकाळनंतर शेतावर जाणाऱ्या माणसाच्या हातात काठी, बॅटरी आणि मनात धाकधूक असते. त्याची इथं कुणी गंमत करत नाही. तेव्हा ताईंनी तेवढी जागा झाकली आणि बाकीचं जंगल ठेवलं. कलेच्या बाबतीत इतका स्पष्ट निर्णय मी मोठ्या समीक्षकांकडूनही ऐकलेला नाही.

मला मात्र अडकवून ठेवलं ते ‘ट्रॉपिकल’नं. भूगोलाच्या हिशेबानं आपण उष्ण कटिबंधातलेच. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, पुणे साडेअठरावर. म्हणजे शिरूरचा माणूस जन्मानं, संस्कारानं आणि घामानं ट्रॉपिकल आहे. पण ही बातमी त्याच्यापर्यंत सहावीच्या पेपरापलीकडे पोचलेली नाही. सह्याद्रीनं सगळा पाऊस पलीकडेच उतरवून घेतल्यावर जी पर्जन्यछाया उरते, तिच्यात शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके येतात. चासकमानचा कालवा पोचला तिथं ऊस, नाही तिथं बाभूळ आणि निंब. त्यामुळं ट्रॉपिकल म्हटलं की इथल्या माणसाला नारळ, गोवा आणि रिसॉर्टचं बिल एवढंच आठवतं.

गंमत म्हणजे चित्रातली ती परदेशी वाटणारी फुलं आपल्या देवघरातून कधीच हललेली नाहीत. पांढरा-पिवळा देवचाफा मूळचा अमेरिका खंडातला. ज्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही तो झेंडू मेक्सिकोकडचा. ज्या गुलछडीच्या हारात आपण नवरा-नवरी उभे करतो, तीही तिकडचीच. ही मंडळी आली, यवतच्या मळ्यांत रुजली, पुण्याच्या मार्केट यार्डात वजनावर विकली जाऊ लागली आणि इतकी घरची झाली, की त्यांचं मूळ गाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

जास्वंदीची गोष्ट तर याहून मजेदार. पॉप आर्टमधलं सगळ्यांत गाजलेलं फूल जास्वंदच आहे. ही चित्रपद्धत १९५० नंतर इंग्लंड-अमेरिकेत वर आली. लंडनच्या रिचर्ड हॅमिल्टननं १९५६ मध्ये मासिकांतल्या जाहिराती कापून, चिकटवून एक दिवाणखाना तयार केला, आणि पुढं न्यूयॉर्कच्या अँडी वॉरहॉलनं सूपचे डबे रंगवले. बाजारात पडलेलं उचलायचं आणि कलादालनात मानानं टांगायचं, हा या मंडळींचा धंदा. वॉरहॉलनं १९६४ मध्ये एका छायाचित्रणाच्या मासिकातला जास्वंदीचा फोटो उचलला, कापला, सपाट केला, त्यात निळा, गुलाबी, पिवळा भरला आणि नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिओ कास्टेली गॅलरीत भिंती भरून टाकल्या. फोटो होता पॅट्रिशिया कॉलफील्ड या बाईंचा. त्यांना न विचारता घेतलेला. त्यांनी दावा लावला, आणि वॉरहॉलला तडजोड करावी लागली. फुलाच्या मागं बाई होती, तिचं नाव मात्र कोर्टात गेल्यावर कळलं.

त्याहून मौज अशी, की त्या वेळच्या जाणकारांना ते फूल कोणतं हेच नीट ओळखू येईना. कुणी ॲनेमोनी म्हटलं, कुणी पॅन्सी, कुणी आणखी काही. मला राहून राहून वाटतं, यांच्यापैकी एकानं जरी रांजणगावला येऊन महागणपतीच्या देवळाबाहेर दूर्वांच्या जुड्या बांधत बसलेल्या मावशीला ते चित्र दाखवलं असतं, तर तिनं मान वर न करता सांगितलं असतं, “जास्वंद. वीसला वाटा. घेणार का?” समीक्षेचं पुष्कळसं काम देवळाच्या रांगेत फुकटात होण्याजोगं असतं, पण समीक्षक रांगेत उभे राहत नाहीत.

वॉरहॉलची कामाची रीत ऐकून आमचा एक स्क्रीन प्रिंटिंगवाला मित्र खूप हसला होता. त्याचं आयुष्य लग्नपत्रिका, कापडी पिशव्या आणि निवडणुकीच्या टोप्या छापण्यात गेलं. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर रसायनाचा थर, वर फिल्म ठेवून उजेड दाखवायचा, पाण्यानं धुवायचं. जिथं रंग जायचा तेवढी जाळी उघडी राहते. मग रबराच्या पट्टीनं रंग एका दमात खाली ओढायचा. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट. सगळं कसब एकाच गोष्टीत, दुसरा रंग पहिल्यावर तंतोतंत बसला पाहिजे. कागद केसभर हलला, की गणपतीचं सोवळं मूषकाला नेसवलं जातं. वॉरहॉलची रीत नेमकी हीच. ऑगस्ट १९६२ मध्ये मेरिलिन मन्रो गेली आणि त्यानं लगेच ‘नायगरा’ सिनेमाच्या जाहिरातीतला तिचा फोटो जाळीवर चढवला. ओठांना लाल, पापण्यांना निळा, केसांना पिवळा. अनेक ठिकाणी रंग सरकलाय, लाली ओठ सोडून हनुवटीकडे निघालीय. त्यानं तो तसाच ठेवला. त्याच कुळातली १९६४ ची एक मेरिलिन मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे साडेएकोणीस कोटी डॉलरला गेली. म्हणजे त्या वेळच्या भावानं जवळजवळ दीड हजार कोटी रुपये.

“आणि माझ्या पत्रिकेवर नवरीच्या नावाचा सोनेरी थोडा सरकला,” मित्र म्हणाला, “तर पार्टीनं निम्मे पैसे कापले. वर पत्रिकाही वाटल्या.”

मी त्याला सांगितलं, की तू चुकीच्या गावात जन्मलास. तो म्हणाला, “गाव बरोबर आहे. भिंत चुकली.” पत्रिका फ्रिजवर लागते, वॉरहॉल गॅलरीत लागतो. मला त्याचं उत्तर पॉप आर्टवरच्या जाड पुस्तकांपेक्षा नेमकं वाटलं.

बाई आणि फूल यांची सांगड तर आपल्याकडे छापखाना आला तेव्हापासूनच बसलेली आहे. तीही आपल्याच जिल्ह्यात. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत काढलेला शिळाछापखाना पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला आला. श्लायशर नावाचा जर्मन तंत्रज्ञ तिथं होता, आणि पुढं त्यानंच तो विकत घेतला. कमळावर उभी लक्ष्मी तिथून निघाली ती भिंतीवर, पंचांगावर, काडेपेटीवर, वहीच्या पुठ्ठ्यावर जिथं जागा मिळेल तिथं जाऊन उभी राहिली. घरोघरी बायकांनी त्या तसबिरींना टिकल्या लावल्या, जरीची साडी चिकटवली, कुणी खऱ्या मोत्यांची माळ घातली. छापील लक्ष्मी एकसारखी निघाली होती. प्रत्येक घरानं तिला आपली करून घेतली. १९७२ मध्ये त्या छापखान्याला आग लागली, तोवर तिला छापखान्याची गरजच उरली नव्हती.

मग दिवाळी अंक आले. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ काढला, आणि त्यांच्या बरोबरीनं रघुवीर मुळगावकरांच्या स्त्रियांनी महाराष्ट्राच्या भिंतींचा ताबा घेतला. दोघंही गोव्याकडचे. त्यामुळं खरीखुरी हिरवाई आणि ओलसर फुलं डोळ्यांत घेऊनच आलेले. आमच्या दुष्काळी भागात या मुखपृष्ठांचं काय व्हायचं ते मी पाहिलंय. अंक वाचून व्हायचा, वाटून व्हायचा, मुखपृष्ठ तेवढं कापून चुलीपासून लांबच्या भिंतीला खळीनं चिकटवलं जायचं. मातीनं सारवलेली भिंत, बाहेर उन्हानं तडकलेलं रान आणि मध्ये अंबाड्यात गजरा माळलेली, ओठांच्या कोपऱ्यात हसणारी ती. घरातल्या बाईला तिच्याशी कसलीही तुलना करायला वेळ नव्हता. पण भाकरी उलटताना नजर वर गेली तर समोर काहीतरी ताजं असायचं.

या सगळ्याचं शिखर मात्र गाठलं ते फोटो स्टुडिओंनी. ज्यांची लग्नं १९८० ते २००० च्या दरम्यान झाली, त्यांनी आपला अल्बम काढून बघावा. त्यात एक पान असं असणारच, जिथं नवरीचा चेहरा गुलाबाच्या मधोमध उगवलाय. शेजारच्या पानावर नवरदेव काचेच्या ग्लासात बुडालेला. पुढच्या पानावर दोघं चंद्रात. याला ‘मिक्सिंग’ म्हणत आणि त्याचे वेगळे पैसे पडत. व्हिडिओ कॅसेटमध्ये तर कळी हळूहळू उमलायची, सनई चढत जायची आणि पाकळ्यांच्या पोटातून अक्षता पडलेली, घामेजलेली, घाबरलेली नवरी बाहेर यायची. फुलाफळांची माणसं करणारा आर्चिम्बोल्डो नावाचा एक इटालियन चित्रकार सोळाव्या शतकात होऊन गेला. त्यानं ‘वसंत’ म्हणून अख्खी बाई फुलांची केली, पुढं खुद्द सम्राटाचा चेहरा भाज्या-फळांतून घडवला, आणि सम्राट खूश झाला. आमच्या स्टुडिओवाल्यानं त्याचं नावही ऐकलं नव्हतं. पण ग्राहक खूश ठेवायचं तंत्र दोघांचं एकच.

आयब्रो होऊन सौ. बाहेर आली तेव्हा मी या विचारांत होतो. तिनं “कशी झालीय?” विचारलं. या प्रश्नाचं उत्तर लवकर द्यायचं असतं. मी दिलं आणि आम्ही दौंडला निघालो. मेहुणीच्या मुलीचं लग्न नुकतंच पार पडलं होतं आणि अल्बमची पानं निवडायला आम्हाला बोलावणं होतं. दौंडला काष्टीवरून जवळ पडतं, पण सौ.ला केडगावात काम होतं, म्हणून न्हावऱ्याचा रस्ता धरला.

डोळ्यांत जास्वंद बसली की रस्ताभर दुसरं काही दिसत नाही. लेडीज टेलरच्या पाटीवर कमळ आणि बाई. मेहंदीच्या कोनावर गुलाब आणि बाई. शॅम्पूच्या पुड्यांच्या माळेत एकच बाई पन्नासदा, प्रत्येकीच्या केसांत कुठलंसं पांढरं फूल, आणि टपरीवाल्यानं ती माळ टांगताना वॉरहॉलचा विचार केलेला नसला तरी ओळ अगदी सरळ ठेवलेली. चौफुल्याकडच्या कला केंद्रांच्या फलकांवर नाकात नथ, केसांत गजऱ्याचा डोंगर. आणि चौकाचौकांत फ्लेक्स. फ्लेक्सचं एक शास्त्र आहे. वाढदिवस पुरुषाचा असेल तर मागं सिंह, वाघ, नाहीतर ढगांतून येणारी वीज. बाईचा असेल तर मागं फुलं. पुरुषाला फुलं मिळतात ती थेट ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या फ्लेक्सवर. तोवर त्याला सिंहाबरोबरच दिवस काढावे लागतात.

भीमा ओलांडली, की दौंड तालुका लागतो आणि गुऱ्हाळांचा गोडसर धूर नाकात भरतो. केडगाव आलं तसा माझ्या मनात एक वेगळा छापखाना आला. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलं. दुष्काळातल्या, टाकून दिलेल्या, विधवा बायका-मुलींना त्यांनी इथं आणलं, आणि विणकाम, शेती, दूध यांच्या जोडीला छापखान्याचं कामही शिकवलं. खिळे जुळवायच्या त्या मुली, यंत्र चालवायच्या त्या, पुस्तकं बांधायच्या त्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी स्वतः केलेलं बायबलचं मराठी भाषांतर इथंच छापलं गेलं. मळवलीला बाई कागदावर येत होती तेव्हा केडगावात बाई कागदावर छापत होती. एकाच जिल्ह्यातले हे दोन छापखाने. पहिल्यातल्या लक्ष्मीच्या तसबिरी आजही लिलावात निघतात. दुसऱ्यातल्या मुलींच्या बोटांना लागलेल्या शाईची तसबीर कुणी केली नाही. कदाचित ती शाई काळी होती म्हणून. काळ्या रंगाकडे आपलं लक्ष जरा उशिराच जातं.

आणि लक्ष वेधणं हेच तर रंगाचं काम. हे मला नीट समजावून सांगितलं ते सोलापूर महामार्गाच्या दुभाजकातल्या बोगनवेलीनं. डिझेलचा धूर, उन्हाचा तडाखा, टँकर येईल तेव्हा पाणी, आणि तरी ही बया राणी कलरमध्ये न्हालेली. लोक तिला ‘कागदी फूल’ म्हणतात, थोडं हिणवूनच. वास नाही, देवाला चालत नाही. सौ. तोंडावर पाणी मारायला थांबली तेव्हा मी एक डहाळी ओढून जवळून पाहिली. ती गुलाबी झगमग फुलाची नाहीच. ती पानं आहेत. तीन रंगीत पानं एकमेकींना टेकून उभी, आणि त्यांच्या पोटात प्रत्येक पानाला एक याप्रमाणे नळीच्या आकाराची, काडीएवढी बारीक, दुधी रंगाची फुलं. खरं फूल ते. ते इतकं लहान, की फुलपाखरानं त्याच्यापर्यंत यावं कसं? म्हणून पानांनी रंग अंगावर घेतला. हाका मारायचं काम पानांचं. आलेल्याला काय द्यायचं ते आतलं फूल बघेल.

या वेलीचं नाव पडलं बोगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीवरून. १७६६ ते १७६९ या काळात त्यानं जगाला वळसा घातला. त्याच्या ताफ्यातला वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमर्सन याला ब्राझीलच्या किनाऱ्यावर १७६७ मध्ये ही वेल मिळाली. कॉमर्सनबरोबर त्याचा एक गडी होता. वनस्पतींच्या जड पेट्या वाहणारा, डोंगर चढणारा, न कुरकुरणारा. तो गडी म्हणजे जान बारे नावाची बाई. फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बाईला बंदी, म्हणून छातीला घट्ट पट्ट्या बांधून ती पुरुष झाली होती. कॉमर्सनचा पाय तेव्हा दुखरा होता. तेव्हा ही वेल प्रत्यक्षात तिनंच तोडून आणली असावी, असं काही अभ्यासक मानतात. पुढं तिचं बिंग फुटलं, कॉमर्सनबरोबर ती मॉरिशसला उतरली, आणि काही वर्षांनी फ्रान्सला परतली तेव्हा पृथ्वीप्रदक्षिणा केलेली इतिहासाला माहीत असलेली पहिली बाई ठरली. वेल कप्तानाच्या नावावर गेली. बारेच्या नावानं एका वनस्पतीला नाव मिळालं ते २०१२ मध्ये, आणि ती वनस्पती निघाली आपल्या वांग्या-बटाट्याच्या कुळातली. कप्तानाला राणी कलर, बाईला वांगं. पण मला ती वाटणी अगदीच वाईट वाटली नाही. वांग्याशिवाय दौंड तालुक्यात लग्नाचं जेवण होत नाही.

तर वेलीत पान फुलाचं सोंग घेतं आणि वेल तोडणाऱ्या बाईनं पुरुषाचं घेतलं. दोघींनाही ते सोंग कुणाला फसवायची हौस म्हणून घ्यायचं नव्हतं. आत जे बारीकसं खरं होतं, ते जिथं पोचायला हवं तिथं पोचवायचं होतं. भडकपणाकडे मी तेव्हापासून या नजरेनं बघतो. आपण सुशिक्षित माणसं भडक रंगाला नाक मुरडतो, फिक्या रंगाला अभिरुची म्हणतो. फिका रंग परवडायला मात्र आधी लोकांना आपल्याकडे बघायची सवय झालेली असावी लागते. ज्याच्याकडे कुणी वळून बघत नाही, त्याला आधी हाक मारावी लागते. पार्लरवाल्या ताईंनी भिंतीवर राखाडी रंगाचं निसर्गचित्र लावलं असतं, तर ते मला फार आवडलं असतं आणि त्यांच्या दारात उन्हातान्हातून आलेली, पदरानं घाम पुसणारी, आत जावं की न जावं अशा विचारात उभी राहिलेली बाई तशीच परत गेली असती. डोळ्यात जास्वंद घेतलेल्या बाईला बघून ती हसते, आणि हसत हसत चप्पल काढते.

दौंडला पोचलो तर घरात अल्बमवरून कुरुक्षेत्र चाललेलं. भाचीनं मोबाइलवर फोटोग्राफरचे नमुने काढले होते. सगळं फिकट. बिस्किटाच्या रंगाचं आकाश, ताकाच्या रंगाचा शालू, मुंडावळ्यासुद्धा धुऊन पांढऱ्या केल्यासारख्या. “पेस्टल थीम आहे, काका. करिझ्मा अल्बममध्ये हेच चालतं आता.” आणि शेजारी तिनं गंमत म्हणून आईचा १९९४ चा अल्बम उघडून ठेवलेला. मखमली पुठ्ठा, प्रत्येक पानावर जाळीदार कागद, आणि मधोमध गुलाबात मेहुणी. गुलाब जरा मोठा पडला होता, म्हणून फोटोवाल्यानं तिचा चेहराही ताणून बसवला होता. डाव्या कानाचं डूल पाकळीखाली गेलेलं. ओठांवर हातानं लावलेला लाल रंग थोडा उजवीकडे सरकलेला.

“आई, हे काय गं! चेहरा बघ तुझा!” भाची हसून हसून पलंगावर लोळली. सौ. हसली, मीही हसलो. मेहुणीचे यजमान हसले नाहीत. त्यांचा ग्लासातला फोटो पुढच्या पानावर होता.

मेहुणीनं अल्बम आपल्याकडे ओढला. “हस. पण एक सांगू? माझ्या लग्नात मला कुणी काही विचारलं नव्हतं. स्थळ तात्यांनी ठरवलं, साडी मामांनी आणली, तारीख भटजींनी काढली. जेवणात बासुंदी की जिलबी, तेसुद्धा मला पंगतीत कळलं. सगळं झाल्यावर फोटोवाला आला आणि म्हणाला, ताई, मिक्सिंगला कोणतं फूल टाकू?”

“मग तू गुलाब सांगितलास?”

“मी शेवंती सांगितलं. तात्यांच्या मळ्यात शेवंती होती. पहाटे तोडायला मीच जायचे. तर तो म्हणाला, शेवंती नाही माझ्याकडे. गुलाब, कमळ आणि सूर्यफूल, तीनच आहेत.” मेहुणीनं पानावरचा जाळीदार कागद सरळ केला. “म्हटलं, मग गुलाब टाका. पण रंग जरा भडक करा.”

भाची उठून बसली. तिनं अल्बम जवळ घेऊन ते पान पुन्हा बघितलं. सरकलेल्या लाल रंगावरून अंगठा फिरवला. मग मोबाइल उचलून फोटोग्राफरला फोन लावला आणि त्याच्या मशीनमध्ये शेवंती आहे का, असं विचारलं.

तिकडून बराच वेळ समजावणं चाललं होतं. शेवंती पिवळी येते, पिवळं या थीममध्ये बसत नाही, आणि मुळात फुलात चेहरा हे आता कुणी करत नाही, असं काहीसं असावं.

“दादा, शेवंती राहू द्या,” भाची म्हणाली. “थीम काढून टाका. आणि आईचा एक आताचा फोटो पाठवते, तोही त्यात घ्या.”

“माझा नको,” मेहुणी आतून ओरडली. “केस पांढरे दिसतात.” आणि मग, जरा थांबून, सौ.ला म्हणाली, “अक्का, तुझी ती शिरूरची पार्लरवाली डाय करते का गं?”